टॉलिव्हर काउंटीतले बाबा

लस टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसून राहायचं असतं. त्या खुर्च्यांकडे जाताना निळं जाकीट घातलेल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं ऋताला सहज विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” आणि ऋता म्हणाली, “टॉलिव्हर काउंटीची.”

“ते कुठं आलं?”

“अमेरिकेत. नेब्रास्कात.”

“लांब आहे,” तो म्हणाला. मास्कच्या वर त्याचे डोळे आपुलकीनं बारीक झाले. “घरची आठवण येत असेल.”

“येते,” ती म्हणाली आणि त्यानं दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली.

बसल्यावर ती दचकली. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाऊल टाकावं आणि जमीनच लागावी, तसं. ऋता पातूरकर वाशीमची होती. छत्तीस वर्षांपैकी एकोणीस वर्षं तिनं वाशीमला काढली, मग पुणं, मग गेली सहा वर्षं नेदरलँड्समधलं लायडनचं विद्यापीठ आणि हार्लेममधली माडीवरची खोली. अमेरिकेत तिनं पाऊल ठेवलेलं नव्हतं. तरी आत्ता उत्तर देताना ती अडखळली नव्हती, थट्टाही करत नव्हती. कोणी नाव विचारावं आणि आपण सांगावं, तितक्या सरळपणे ते गाव तोंडातून आलं होतं. हार्लेमच्या बाहेरचा हा खेळांचा हॉल, जूनची दुपार, वरच्या लांबट खिडक्यांतून येणारं दुधाळ ऊन. लाकडी जमिनीवर निरनिराळ्या खेळांच्या लाल, पिवळ्या, निळ्या रेघा एकमेकींना कापत गेलेल्या, आणि त्यांच्यावर दीड-दीड मीटर अंतरानं मांडलेल्या खुर्च्या. प्रत्येकजण आपापल्या चौकोनात बसून समोर बघत होता. दंडात सुई गेली ती जागा जड होत चालली होती आणि तो जडपणा हळूहळू मानेपर्यंत येत होता. डोळे मिटले तर आपण ते कुठं उघडू, असं तिला वाटलं, आणि तिनं डोळे मिटले.

टॉलिव्हर काउंटी चोवीस मैल लांब, चोवीस मैल रुंद. वस्ती चार हजारांच्या आसपास, त्यातली सोळाशे माणसं कॅल्डर या मुख्य गावात, उरलेली मक्यात आणि गवतात पांगलेली. मधून एक उथळ नदी जाते, तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त. सगळी जमीन मैलामैलाच्या चौकोनांत कापलेली आहे. छत्तीस चौकोनांची एक टाउनशिप, आणि त्या चौकोनांना आकडे दिलेत तेही बैल नांगर ओढतो तसे. एका तासात, म्हणजे ओळीत, पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसऱ्या तासात उलट. रस्ते या चौकोनांच्या कडांवरून सरळ जातात, इतके सरळ की समोरून येणारी गाडी पाच मिनिटं आधी धुळीचा ठिपका म्हणून दिसते. हे सगळं ऋताला कामामुळे माहीत होतं. दीडशे वर्षांपूर्वी नेदरलँड्सच्या उत्तरेकडची काही कुटुंबं तिथं जाऊन वसली आणि त्यांनी मागं राहिलेल्यांना पत्रं लिहिली. ती पत्रं लायडनच्या एका संग्रहात होती. कोणतं पत्र कोणत्या चौकोनातून लिहिलं गेलं, हे नकाशावर बसवायचं तिचं काम होतं. वीस सालच्या एप्रिलमध्ये ती सहा आठवडे तिथं जाणार होती. मार्चमध्ये तिकीट रद्द झालं, विद्यापीठ बंद झालं, आणि ती खोलीत लॅपटॉपसमोर बसून काउंटीतून हिंडायला लागली. वरून, उपग्रहाच्या डोळ्यानं. मग खाली उतरून, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं कधीकाळी काढून ठेवलेल्या फोटोंतून. त्या फोटोंत कायम ऑगस्ट होता. एका फाटकाशी एक तांबडं कुत्रं कायम उभं होतं. बाहेर हार्लेमच्या कालव्यावर एकही नाव नसायची, सायकलींचे आवाज थांबलेले असायचे, आणि ती मक्याच्या दोन भिंतींमधून तासन्‌तास चालत असायची.

तिथलं हाडामासाचं माणूस म्हणजे लोइस. वय शहात्तर, शाळेच्या बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर, आता काउंटीच्या कोर्टाच्या तळघरात जुन्या कागदांची राखण करणाऱ्या मंडळाची सचिव. सचिव आणि एकुलती एक सभासद, असं ती स्वतःच म्हणायची. तळघराची किल्ली तिच्याकडे होती आणि तिथं दुसरं कोणी येत नसल्यानं तिला कोणी बंदी केली नव्हती. दर मंगळवारी ऋताकडे दुपारचे चार वाजले की लोइसकडे सकाळचे नऊ वाजायचे. लोइस जमिनीच्या नोंदवह्या उघडून फोनसमोर धरायची, जिथं अक्षर लागायचं नाही तिथं वाचून दाखवायची, आणि मध्येच वहीतल्या माणसाची नात आपल्या बसमध्ये कशी मागच्या सीटवर बसून रडायची हे सांगायची. त्याच वेळी वाशीमला संध्याकाळचे साडेसात वाजत, आणि बाबा नेमानं फोन करत. पहिले दोन मंगळवार ऋतानं फोन कापला. तिसऱ्या मंगळवारी तिनं तो उचलून लॅपटॉपसमोर धरला, म्हणजे बाबांना दिसेल आपण काय करतोय ते.

दामोदर हरिहर पातूरकर भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. सदतीस वर्षं त्यांनी वाशीम, रिसोड, मालेगावच्या शिवारांत साखळी ओढली होती. पडद्यावर नोंदवही दिसताच ते चष्मा पुसून पुढं झुकले.

“मॅडम,” ते त्यांच्या कचेरीच्या इंग्रजीत लोइसला म्हणाले, “तुमची साखळी सहासष्ट फुटांची. आमची तेहेतीस. अगदी निम्मी.”

“तुम्ही साखळी हाताळलीय?” लोइसनं विचारलं.

“पावसात, उन्हात, आणि दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन दोन्ही बाजूंना उभे असताना.”

लोइस हसली. तिच्या हसण्यात बसच्या इंजिनाची घरघर होती. तेव्हापासून बाबा दर मंगळवारी येऊन बसू लागले. काउंटीच्या उत्तर भागात सरळ रस्ता अचानक शंभरएक पावलं बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ निघतो, ते बघून त्यांनी टाळी वाजवली होती. ऋताला वाटलं होतं कोणाच्या तरी शेतामुळे तसं झालं असेल. बाबा म्हणाले, “अगं, पृथ्वी गोल आहे ना. उत्तरेकडे जाताना रेघा जवळजवळ येतात. चौकोन पुरत नाहीत. मग कुठंतरी थांबून चूक दुरुस्त करायची आणि पुढं जायचं.” लोइस एकतीस वर्षं त्या वळणावर बस वळवत होती, तिला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बाबांनी तिला एक प्रश्न विचारला. या चौकोनांच्या आधी तिथं पॉनी लोक, म्हणजे गोऱ्यांनी ‘इंडियन’ म्हटलेले मूळ रहिवासी, राहत होते, नदीकाठच्या सपाटीवर त्यांच्या बायका मका लावत होत्या, असं लोइसनंच सांगितलं होतं. बाबांनी विचारलं, “मग मोजणीला जो माणूस आला, त्याच्या साखळीला त्यांची शेतं लागली असतील. आमच्याकडे शेताच्या कडेला धुरा म्हणतात. धुरा पायाला लागतो, मॅडम, आंधळ्यालासुद्धा कळतो. त्या माणसानं त्यांच्या धुऱ्यांचं काय केलं? वहीत लिहिलं, की नाही लिहिलं?”

लोइस म्हणाली, “मी बघते.” ऑगस्ट गेला. तिला ते सापडत नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना ताप आला. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. एकोणीस तारखेला, शनिवारी, ते गेले. वासुदेवकाकांनी मोबाईलवर दाखवलं: लांब एक मैदान, पांढऱ्या पोशाखांतली चार माणसं, आणि चित्र सतत हलत असलेलं. ऋतानं फोन टेबलावर पालथा घातला. आवाज येत राहिला. तिला आठवतं ते एवढंच की टेबलावर एका कपाचा गोल डाग होता आणि ती तो नखानं खरवडत होती. रविवार आणि सोमवार कापसातून चालल्यासारखे गेले. मंगळवारी चार वाजता लॅपटॉप वाजला, तेव्हा तिचं बोट सवयीनं पुढं झालं आणि पडद्यावर लोइस आली, तिच्यामागं तळघराची ती हिरवट भिंत, टेबलावर उघडी वही.

“आजही तुझे वडील नाहीत?” लोइसनं विचारलं. “बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” ऋता म्हणाली. “मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पडद्याकडे बघायचं नाही म्हणालेत डॉक्टर.”

खोटं बोलायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. वाक्य आतून तयार होऊन आलं, आणि बोलून झाल्यावर तिला एकदम भूक लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्या संध्याकाळी तिनं खिचडी केली आणि पातेल्यातूनच खाल्ली.

तेव्हापासून बाबा टॉलिव्हर काउंटीत राहू लागले. दर मंगळवारी लोइस विचारायची आणि ऋता सांगायची. ऑपरेशन बरं झालं, पण नजर अजून स्थिरावत नाही. सकाळी फिरायला जातात. गच्चीवर सीताफळाची दोन रोपं लावली आहेत. सांगता सांगता ती रोपं तिला दिसायची, त्यांची पानंसुद्धा. आणि मंगळवार सोडून इतर दिवशी, नकाशावर एखादं पत्र बसवताना, ऑगस्टमधल्या त्या रस्त्यांवर बाबा पुढं चाललेले असायचे. पायांत त्यांच्या त्या काळ्या चपला, डोक्यावर पांढरा रुमाल. ते थांबायचे, वाकून काहीतरी बघायचे, पुन्हा चालायचे. मक्याच्या पानांचा सळसळाट तिनं कधी ऐकला नव्हता, तरी तो तिला ऐकू यायचा. वाशीमकडे मात्र तिचं मन जाईना. घराचा विचार करायला जावं तर दारापर्यंत सगळं स्पष्ट असायचं, दारानंतर काही दिसायचंच नाही. आई फोन करायची. दोन मिनिटं हवापाणी झालं की आईचा आवाज बदलायचा, ती म्हणायची, “त्या दिवशी दवाखान्यात ना...” आणि ऋता म्हणायची, “आई, माझी मीटिंग सुरू होतेय.” असं पाच-सहा वेळा झाल्यावर आईनं ते वाक्य सुरू करणं सोडून दिलं. एकदा फक्त म्हणाली, “विमानं सुरू झालीत म्हणे.” ऋता म्हणाली, “अजून धड नाहीत गं.” विमानं सुरू होती. विभागातला गंधार जानेवारीत पुण्याला जाऊन आला होता, येताना चितळ्यांची बाकरवडी घेऊन आला होता, आणि ती खाताना तिनं त्याला विमानाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

पण सगळ्यांत वाईट गोष्ट त्याच्याही आधी झाली होती. नोव्हेंबरमध्ये एका मंगळवारी लोइस म्हणाली, “हर्मन गुरुवारी गेला.” हर्मन म्हणजे तिचा नवरा. स्मृती गेल्यामुळे तो दोन वर्षं वृद्धांच्या शुश्रूषागृहात होता. एवढं सांगून लोइसनं वही उघडली आणि सेक्शन बावीसच्या, म्हणजे बाविसाव्या चौकोनाच्या, नोंदी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर तिचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, “तुझ्या वडिलांना सांगशील? त्यांना सांगावंसं वाटतं मला.” ऋता हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांच्या नावानं पत्र लिहिलं. तिला वाटलं होतं तीन ओळी लिहाव्यात. पण लिहायला बसली आणि बाबांचं ते कचेरीचं इंग्रजी तिच्या बोटांत उतरलं. आदरणीय मॅडम, मी सदतीस वर्षं लोकांना त्यांच्या जमिनीच्या कडा दाखवत फिरलो. तुमच्या दुःखाची कड मला दाखवता येणार नाही. पण मी धुऱ्यावर उभा आहे, असं समजा. लिहिताना ती रडली नाही, उलट फार वर्षांनी त्यांच्याशी निवांत बोलणं झाल्यासारखं वाटलं. आठवड्यानं लोइसनं कळवलं: दफनाला अकरा माणसं होती, पाद्रीबुवांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं, आणि आता ते तिच्या बायबलमध्ये आहे. दर रविवारी चर्चमध्ये आजारी आणि अशक्त माणसांसाठी प्रार्थना होते, त्यांत बाबांच्या डोळ्यांचं नावही घेतात.

“मॅडम,” कोणीतरी डचमध्ये म्हणालं. ऋतानं डोळे उघडले. तोच स्वयंसेवक. “पंधरा मिनिटं झाली. चक्कर वगैरे नाही ना?”

“नाही.”

“मग जा घरी,” तो म्हणाला, आणि ‘घरी’ म्हणताना पुन्हा त्याचे डोळे बारीक झाले.

सायकलचं कुलूप काढताना तिनं फोन बघितला. लोइसचा निरोप होता. ‘सापडलं. तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. मंगळवारी त्यांना घेऊन बस. डोळ्यांचं काही सांगू नकोस, एवढ्यासाठी दहा मिनिटं बसतील ते.’ ऋता सायकल हातात धरून उभी राहिली. आजूबाजूनं लस घेतलेली माणसं हसत, दंड चोळत जात होती. तिला वाटलं, आता सीताफळाला फळ धरायला हवं. मग वाटलं, किती वर्षं? दहा वर्षांनी बाबा नव्वदीला येतील. मग त्यांना तिथं कसं मारायचं? कोणत्या मंगळवारी?

मंगळवारी ती चारच्या आधीच बसली. लोइस केस विंचरून, निळा ब्लाउज घालून आली होती. मागं हिरवी भिंत.

“कुठं आहेत?” लोइसनं विचारलं.

“लोइस, बाबा गेले.”

लोइसचा हात तोंडाशी गेला. “अगं बाई. कधी?”

“सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला.”

लोइसच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग काहीतरी मोजल्यासारखं झालं. “कुठल्या सप्टेंबरच्या?”

“मागच्या.”

“हर्मन नोव्हेंबरमध्ये गेला.”

“हो.”

“मग ते पत्र.”

“मी लिहिलं.”

तळघरात कुठंतरी पाण्याचा नळ चालू असावा, तो आवाज ऋताला ऐकू आला. लोइस आपल्या हातांकडे बघत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी गेल्या रविवारीसुद्धा त्यांच्या डोळ्यांसाठी उभी राहिले. अख्खं चर्च उभं राहिलं.”

“मला माफ करा.”

“मला ठाऊक नाही,” लोइस म्हणाली. “रागावले की काय झालंय मला, ते मला ठाऊक नाही. तू आईकडे तरी जाऊन आलीस का?”

“नाही.”

“विमानं बंद आहेत?”

ऋतानं मान हलवली. हो की नाही, ते त्या हलण्यात नव्हतं. लोइसनं वही मिटली, ती उठली, आणि काही क्षण पडद्यावर फक्त भिंत राहिली. मग तीही गेली.

त्यानंतरचे मंगळवार रिकामे आले. कामाचे कागद येत, स्कॅन केलेले, सोबत एक ओळही नसे. ऋतानं दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. विद्यापीठ उघडलं, ती आगगाडीनं पुन्हा लायडनला जायला लागली. खिडकीतून सपाट हिरवी कुरणं जात, त्यांच्यामधले पाण्याचे सरळ पाट आरशासारखे चमकत, आणि ती बघत राही; पण त्या पाटांवरून कोणी चालत नव्हतं. नकाशा उघडला तर रस्ते होते, तांबडं कुत्रं होतं, ऑगस्ट होता. रस्ता रिकामा होता. बाबा तिथून गेले होते, आणि कुठं गेले ते तिला कळत नव्हतं. एकदा लायडनच्या स्टेशनवर, माणसांच्या गर्दीत, ती एकदम बाकावर बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली. शेजारी बसलेल्या मुलीनं मास्क खाली करून विचारलं, काय झालं? ऋता डचमध्ये म्हणाली, “माझे वडील वारले.” ती मुलगी म्हणाली, “आज?” ऋता म्हणाली, “हो.” आणि हे मात्र तिला खोटं वाटलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी टपालानं एक पाकीट आलं. आत मोजणीच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स होती, एका ओळीखाली पेन्सिलची रेघ. ‘सेक्शन बावीस. पश्चिमेकडे जाताना, एकतिसाव्या साखळीला. जुनं इंडियन शेत. मक्याचे उंचवटे अजून दिसतात. साखळी त्यांवरून ओढली.’ सोबत लोइसच्या गोल अक्षरातली चिठ्ठी. ‘प्रश्न त्यांचा होता, म्हणून उत्तरही त्यांचं. माझ्याकडे ठेवून मी काय करू? आणि टपालानं पुढं धाडू नकोस. तू स्वतः घेऊन जा.’ ऋतानं त्याच संध्याकाळी तिकीट काढलं.

डिसेंबरमधल्या एका दुपारी ती वाशीमला उतरली. आईनं दार उघडलं. आई लहान दिसत होती, आणि तिनं केस कापले होते, मानेपर्यंत. “एकटीला वेणी घालायचा कंटाळा येतो,” आई म्हणाली. ऋतानं वाकून नमस्कार केला, तेव्हा आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही. उशिरा आलीस, असं ती म्हणाली नाही. गच्चीवर जाऊन ऋतानं बघितलं. तिथं सीताफळ नव्हतंच, कधीच नव्हतं. पाण्याची टाकी होती आणि दोरीवर आईची दोन लुगडी वाळत होती. घरात बाबांच्या चपला नव्हत्या. आईनं कपडे, चष्मा, काठी सगळं देऊन टाकलं होतं. “तू येशील म्हणून सहा महिने ठेवलं होतं,” ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. “मग दिलं.”

संध्याकाळी ऋतानं ती झेरॉक्स आईपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. मोतीबिंदू, गच्चीवरची रोपं, ते पत्र, चर्चमधली प्रार्थना, सगळं. चष्म्यातून त्या अनोळखी अक्षरातल्या ओळीकडे बघत आईनं विचारलं, “काय लिहिलंय इथं?” ऋतानं मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “म्हणजे लिहिलं त्यानं. पण थांबला नाही.” थोड्या वेळानं म्हणाली, “यांना आवडलं असतं हे. दोन दिवस याच्यावरच बोलले असते.” आणि मग, “त्या बाईला फोन लाव.”

“ती उचलेल की नाही...”

“लाव.”

साडेसात वाजले होते; हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागं, म्हणून लोइसकडे सकाळचे आठ. फोन बराच वेळ वाजला. मग लोइसचा चेहरा आला, स्वयंपाकघरात, हातात कप. तिनं ऋताकडे बघितलं, मग तिच्याशेजारी बसलेल्या बाईकडे, आणि कप खाली ठेवला.

“ही माझी आई,” ऋता म्हणाली.

लोइसनं मान लववली. आईनं हात जोडले. मग आई पडद्यावरून नजर न काढता ऋताला म्हणाली, “तिला विचार, नवरा गेला तेव्हा ती जवळ होती का.”

“आई, असं एकदम...”

“विचार गं.”

ऋतानं विचारलं. लोइसनं लगेच उत्तर दिलं, जणू एवढ्या दिवसांत हे कोणीतरी विचारायची ती वाटच बघत होती. “खिडकीबाहेर होते. आत सोडत नव्हते. बर्फ पडत होतं, मी फुलांच्या वाफ्यात उभी होते. त्यानं मला हात केला. आमच्याकडे रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही गाडीला करतात, तसा. मी कोण, ते त्याला कळलं नसावं.”

ऋतानं ते मराठीत सांगितलं. आईनं पदर सारखा केला.

“तिला सांग, मी दाराबाहेर होते,” आई म्हणाली. “सहा दिवस. लोखंडी बाक होता. दाराला वरती काचेची एक गोल खिडकी होती, पण माझी उंची पुरत नव्हती. वॉर्डातली मावशी बाहेर आली की सांगायची, आज चहा घेतला, आज नाही घेतला. शनिवारी ती आली आणि काही बोललीच नाही. माझ्या शेजारी बसली. सांग तिला.”

ऋतानं तोंड उघडलं. “माझी आई म्हणते की ती,” असं तिनं इंग्रजीत सुरू केलं आणि तिथंच अडकली. पुढचं वाक्य त्या ‘ती’ला धरून येईना. लोइस थांबली होती. आई थांबली होती. बाकावर बसल्यासारखी, पाय जुळवून, हात मांडीवर. ऋतानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“मी दाराबाहेर होते,” ती लोइसला म्हणाली. “सहा दिवस.” बाकाचं लोखंड तिनं सांगितलं, काचेची गोल खिडकी सांगितली. लोइसनं डोळे मिटले होते आणि ती ऐकत होती. आईनं ऋताचं मनगट धरलं.

“माझी उंची पुरत नव्हती,” ऋता म्हणाली.